फुकटचं सॉफ्टवेअर आणि माझी पोटदुखी

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असं मला आजवर तीनदा सांगण्यात आलं. तिन्ही वेळा मी पेठ वडगावच्या हेडमास्तरांचा किस्सा लिहून दिला आणि सुटलो. किस्सा चांगला आहे, लोक हसतात आणि त्यात माझं काही वाईट दिसत नाही. यंदा संपादक म्हणाले, "अण्णा, तो झाला आता. दुसरं काहीतरी द्या की." दुसरं माझ्याकडे एकच आहे. ते सांगावं लागू नये म्हणून तर मी पहिलं इतक्या वेळा सांगत आलो.

मी कोल्हापुरातल्या एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात नोकरी केली. कारकून म्हणून लागलो, कार्यालय अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या. शिकवायचं काम मास्तर करतात, पण शाळा चालते ती कागदावर. सेवापुस्तकं, दाखले, वेळापत्रकं, परीक्षेची बैठकव्यवस्था, वार्षिक अहवाल. हे सगळं आधी टाइपरायटरवर होतं, मग संगणकावर आलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय मोठंसं? पण चारशे पालकांना एकच निमंत्रण ज्याच्या त्याच्या नावानिशी छापायचं, आणि तेही दुपारच्या डब्याच्या आत, हे कसब आहे. आमच्या संस्थेत ते मला एकट्याला येत होतं. 'एकट्याला' हा शब्द लिहितानाही बरं वाटलं, म्हणजे रोग अजून गेलेला नाही.

तो हेडमास्तरांचा किस्सा दोन ओळींत सांगून टाकतो, कारण ते गृहस्थ पुढं येणार आहेत. त्यांनी शाळेचं वेळापत्रक स्पेसबार दाबून दाबून सरळ रांगेत आणलं होतं. एका बाईंचं लग्न झालं, आडनाव लांबलं, आणि त्यांचा गणिताचा तास घसरून खालच्या ओळीत पीटीच्या सरांच्या नावापुढं जाऊन बसला. पीटीच्या सरांनी त्या दिवशी रजा टाकली. हेडमास्तरांचा फोन आला, "अण्णा, मशीन बिघडलंय, या लवकर!" मी एसटीनं गेलो, त्यांना चहा आणायला बाहेर पाठवलं, आणि ते येईपर्यंत तक्ता नीट करून ठेवला. "काय केलंसा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हं, झालं."

ही माझी कायमची पद्धत. दुरुस्त करायचं, पण कसं केलं ते दाखवायचं नाही. दाखवलं असतं तर पुढचा फोन आला नसता. आणि माझ्या टेबलावरचा तो फोन वाजावा, हेच मला आवडायचं.

माझ्या निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना एका तपासणीत अधिकाऱ्यानं सहज विचारलं, "या सॉफ्टवेअरचे परवाने कुठायत?" मी भडंगाची बशी त्यांच्यापुढं केली. परवाने कुठले? टायपिंग, तक्ते, सादरीकरण या सगळ्याचा जो एक संच ऑफिसात लागतो, तो शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं एका सीडीवरून आमच्या सगळ्या मशीनवर उतरवून दिला होता. इतकी वर्षं आम्ही विकतचं सॉफ्टवेअर फुकट वापरत होतो. आता सगळं सरळ करायचं ठरलं तर दोन वाटा होत्या. एक, दर संगणकामागं दरवर्षी भाडं भरून तेच वापरायचं. दुसरी, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर घ्यायचं. ते कसं बनलंय हेसुद्धा उघडं असतं. ज्याला येतं त्यानं उघडून बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. त्यात चोरी नसते. देणाऱ्यानंच दिलेलं असतं.

ही दुसरी वाट आमच्या ऑफिसात आणली मगदूमबाईंनी.

मगदूमबाई मुरगूडच्या आमच्या शाळेत टायपिस्ट होत्या, वयानं माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. नवरा वारलेला. मुलगी एकच, आणि तिला ऐकू येत नव्हतं. कोल्हापुरात अशा मुलांची शाळा आहे, म्हणून बाईंनी मुख्य कार्यालयात बदली मागितली होती. ती एक वर्षाच्या बोलीवर मिळाली. वर्ष संपताना काम बघून कायम करायचं, नाहीतर जागा असेल त्या गावी पाठवायचं. मंगळवार पेठेत एक खोली घेऊन मायलेकी राहत होत्या.

पहिले दोन महिने मी त्यांच्यावर खूश होतो. कामाला वाघ, बोलायला कमी. मग मला कळलं की मुरगूडला असताना त्यांनी तिथली चार जुनी, मोडीत काढलेली मशीन मोफत सॉफ्टवेअर टाकून चालती केली होती. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, "कोण शिकवणार? करून बघितलं. बिघडलं की परत केलं." मला तीस वर्षांत जे येत गेलं, ते या बाईला दोन वर्षांत येत होतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

त्यांची एक सवय मला फार खुपली. कुणाची अडचण सोडवली की त्या ती पाठकोऱ्या कागदावर पायरी पायरीनं लिहायच्या, झेरॉक्स काढायच्या आणि सगळ्या शाळांच्या टपालात घालायच्या. मी एकदा म्हणालोच, "बाई, असं सगळं वाटून टाकलं तर आपल्याला कोण विचारणार?"

"कशाला विचारायला पाहिजे, अण्णा? त्यांचं काम झाल्याशी मतलब."

मग फोन बदलले. म्हणजे वाजत माझ्याच टेबलावर होते. "अण्णा, बाई हायत काय?" "अण्णा, जरा बाईंना द्या की." एक दिवस पेठ वडगावचे हेडमास्तर. मी त्यांचा आवाज ओळखून म्हणालो, "बोला सर, काय बिघडलं?" ते म्हणाले, "काय न्हाय हो, बाईंचा कागद आलाय, त्यातली तिसरी पायरी तेवढी विचारायची होती." मी रिसीव्हर पुढं केला. त्या हसत हसत त्यांच्याशी बोलत होत्या आणि मी समोर बसून सुतळीला गाठी मारत होतो.

घरी मी रोज त्यांच्याविषयीच बोलायचो. त्यांनी फाईल कशी चुकीची लावली, त्या अंबाड्यात पेन कसं खोचतात, अध्यक्षांशी कशा बोलतात. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या बाईचं नाव घेतल्याशिवाय तुमचा घास उतरत नाही होय? एवढं तर नवीन लग्न झाल्यावर माझं नाव घेत नव्हता." मी ताटावरून उठलो. तिला वाटत होतं तसलं काही नव्हतंच. ते असतं तर कदाचित बरं झालं असतं.

मोफत सॉफ्टवेअरला माझा विरोध होता आणि माझी बाजू अगदीच खोटी नव्हती, हेही नोंदवतो. शासनाकडून येणारे तक्ते विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले असत. ते दुसरीकडे उघडले की रकाने कधीकधी हलतात. लोकांच्या बोटांना जुन्या जागा पाठ झालेल्या असतात. बिघडलं तर जाब कुणाला विचारायचा? हे मी सगळं मांडलं. पण खरं कारण पोटात होतं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मी अण्णा होतो. नव्यात मला मगदूमबाईंच्या झेरॉक्स वाचाव्या लागल्या असत्या.

अध्यक्षांना सगळे दादा म्हणत. ऊस, दूध आणि शाळा, तिन्ही सांभाळणारा माणूस. दादांनी निकाल दिला, "शनिवारी कार्यकारिणी बसतीया. बाईंनी त्यांचं चालवून दाखवावं. चाललं तर घेऊ, न्हाय तर अण्णा म्हणतील तसं."

आता इथं एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं. पूर्वी आम्ही संगणकावर मराठी टाइप करायचो, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असायचं. इंग्रजी अक्षरांवर एक मराठी फॉन्ट घातलेला असे, अंगावर अंगरखा घालावा तसा. फॉन्ट मशीनवर असला की मराठी दिसायचं. नसला की खालची इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं उघडी पडायची. सॉफ्टवेअर विकतचं असो की फुकटचं, फॉन्ट नसेल तर दोन्हीकडे तोच गोंधळ. आता नव्या पद्धतीच्या मराठीत ती भानगड उरलेली नाही. पण संस्थेचे जुने अहवाल सगळे अंगरखेवाले, आणि तो फॉन्ट फक्त माझ्या मशीनवर होता.

शुक्रवारी दुपारी मगदूमबाई माझ्या टेबलाशी आल्या. हातात पिशवी, निघायच्या घाईत.

"अण्णा, हॉलमधलं मशीन तयार हाय. माझ्या सगळ्या फाईली उघडून बघितल्या. फक्त अहवालाचा फॉन्ट तुमच्याकडं हाय, तेवढा त्यात टाकून ठेवता काय? पोरीच्या शाळेत पालकसभा हाय, मी जरा लवकर जातो."

"जावा की बिनधास्त," मी म्हणालो. "टाकतो."

हे म्हणताना मी खोटं बोलत नव्हतो. पेनड्राईव्हवर फॉन्ट घेतला, हॉलमध्ये गेलो, मशीन सुरू केलं, पेनड्राईव्ह लावलासुद्धा. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात आमचे जुने शिपाई शंकरमामा खुर्च्या मांडायला आले.

"बाईचं मशीन व्हय?" ते म्हणाले. "बाई लई हुशार हो, अण्णा. सकाळी दादा गाडीत बसताना म्हणत होते, अण्णा गेल्यावर ह्याच बाईला खुर्चीत बसवायचं."

"असं म्हणाले?"

"माझ्यासमोर म्हणाले की. वर म्हणाले, अण्णापेक्षा बेस बघंल."

शंकरमामा खुर्च्यांची रांग सरळ करत राहिले. मी पेनड्राईव्ह काढला, खिशात घातला आणि मशीन बंद केलं.

शनिवारी अकराला कार्यकारिणी बसली. मगदूमबाईंनी पत्र टाइप करून दाखवलं, निकालपत्रक दाखवलं, चारशे निमंत्रणंही दाखवली. माझीच निमंत्रणं, माझ्यापेक्षा लवकर. सभासद माना डोलवत होते. मग दादा म्हणाले, "आमचा मागचा अहवाल उघडा बघू. माझं मनोगत हाय त्यात, ते दिसू द्या पडद्यावर."

बाईंनी फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, उलटे कंस, टिंबं, चौकोन. वर दादांचा फोटो मात्र नीट.

"हे काय हो? माझं मनोगत हाय का कोंबडी नाचून गेलीया?"

हॉल हसला. बाई गोंधळून माझ्याकडं वळल्या. "अण्णा, तो फॉन्ट..."

"टाकलाय की कालच," मी म्हणालो. "ह्या सॉफ्टवेअरला पेलत नसंल. फुकटच्या वस्तूचं असंच असतंय, दादा."

पुन्हा हसले सगळे. मीही हसलो. एका सभासदांनी तर "फुकटची म्हस, तिचं दात काय बघायचं" अशी भर घातली आणि चहा आला. भाडं भरून जुनंच चालू ठेवायचं असा ठराव झाला. तो मीच इतिवृत्तात टाइप केला.

दुपारी बाई माझ्याकडं आल्या. आवाज शांत होता. "अण्णा, मी बघितलं. मशीनवर फॉन्ट नाहीच."

"नाही?" मी चष्मा काढून पुसला. "मग टाकायचा राहिला असंल बघा. टाकला असं वाटलं मला. वय झालं, बाई."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी आजवर लावत आलोय आणि मला तो लागलेला नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "फक्त एक करा. दादांना एवढं सांगा, की चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मी सांगितलं तर सारवासारव केल्यासारखं होईल. तुम्ही म्हणाला तर ते ऐकतील. माझ्या कायमचं पुढच्या आठवड्यात ठरतंय."

"सांगतो की."

दादांची आणि माझी त्या आठवड्यात चारदा गाठ पडली. एकदा तर त्यांनीच विचारलं, "काय अण्णा, बाई कामाला कशी वाटती?" एक वाक्य होतं. मी म्हणालो, "चांगली हाय, पण अजून जरा घाई करती."

पुढच्या सोमवारी आदेश निघाला. नेसरीच्या शाळेत जागा होती. कोल्हापूरहून नेसरी म्हणजे गडहिंग्लजच्याही पुढं. रोज जाऊन येणं जमण्यासारखं नाही. मुलीला शाळेच्या वसतिगृहात ठेवावं लागलं. जायच्या दिवशी बाईंनी सगळ्यांना पेढे दिले. मला देताना म्हणाल्या, "पोर अजून कधी वसतिगृहात राहिलेली नाही. रात्रीचं काही झालं तर तिला हाक मारून सांगता येत नाही, एवढीच काळजी. तुमचं इथं जवळच घर, कधी जाता येता बघितलं तर बरं." मी 'हो' म्हणालो. एकदाही गेलो नाही. त्या शाळेच्या फाटकावरून जायला लागू नये म्हणून मी पुढची कितीतरी वर्षं लांबच्या रस्त्यानं बाजारला जात होतो.

त्या गेल्यावर फोन पुन्हा माझे झाले असतील असं तुम्हाला वाटेल. नाही झाले. लोकांनी नेसरीचा नंबर घेतला.

मी निवृत्त झालो तेव्हा हॉल अर्धा रिकामा होता. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. पुढं भाडं वाढत गेलं आणि एक एक शाळा बाईंच्या झेरॉक्स काढून मोफत सॉफ्टवेअरवर गेली. शेवटी संस्थेनंही तेच घेतलं, आणि सगळ्यांना शिकवायला नेसरीहून मगदूमबाईंनाच बोलावलं. मला हे शंकरमामांनी गंगावेशीत थांबवून सांगितलं. "लई गर्दी होती, अण्णा. दादा स्वतः पहिल्या बाकड्यावर बसलते." मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणालो, "व्हय? बरं झालं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मगदूमबाई निवृत्त झाल्या. नेसरीला कार्यक्रम होता, आणि निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव 'प्रमुख उपस्थिती' म्हणून छापलेलं. मी ठरवलं, आता बोलायचं. बाईंना फोन करून म्हणालो, "येतो. जरा एक बोलायचंही हाय तुमच्याशी." एसटीत गडहिंग्लजपर्यंत मी वाक्य जुळवत होतो.

हॉलच्या दारात एक तरुण बाई पुढं आली आणि माझ्या पाया पडली. ती मुलगी. मगदूमबाई मागून आल्या आणि हातांनी तिला माझी ओळख सांगू लागल्या. दोन्ही हातांची बोटं टाइप केल्यासारखी हवेत हलवली, आणि मग उजवा हात कानाच्या पाळीला लावला. गुरूचं नाव घेताना लावतात तसा. मुलीनंही तसाच हात कानाला लावला आणि हसली.

याच क्षणी बोलायला हवं होतं. पण मी आत पाहिलं. हॉल तुडुंब, माणसं खिडक्यांतून उभी. मुरगूडहून आलेली, पेठ वडगावहून आलेली. ते जुने हेडमास्तर काठी टेकत आले होते. माझ्या निरोपाला ते आले नव्हते. मी खरं सांगतो, माफी मागायला एवढ्या लांब एसटीनं गेलेला हा माणूस तिथं खुर्च्या मोजत होता.

बाई भाषणात म्हणाल्या, "मुख्य कार्यालयात एक वर्ष अण्णांच्या हाताखाली काढलं. काम स्वच्छ कसं असावं ते तिथं बघितलं." एवढंच. त्या शनिवारचा शब्द नाही. त्यांना सगळं माहीत असून त्या असं बोलल्या असतील, तर ती बाई माझ्या कैक पट मोठी आहे. आणि माहीत नसेल, तर मी चोर आहे. यातलं काहीही असलं तरी मला त्या वेळी त्यांचा हेवाच वाटला. माइक माझ्या हातात आला. लोक बघत होते. मी म्हणालो, "ह्या आमच्या बाई. संगणकावरचं पहिलं पान ह्यांना मी शिकवलं." टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

परतीच्या गाडीला बाई स्वतः स्टँडवर सोडायला आल्या. गळ्यातला हार काढून पिशवीत ठेवलेला, हातात माझ्यासाठी बांधून घेतलेले लाडू. गाडी लागलेली होती, कंडक्टर चहा पीत होता. आम्ही दोघंच होतो.

"अण्णा, फोनवर म्हणाला होता, एक बोलायचंय. काय ते?"

मी तोंड उघडलं. गडहिंग्लजपर्यंत जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. त्यात फक्त पाच-सहा शब्द होते.

"ते... तुमच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये," मी म्हणालो, "पान आडवं कसं करायचं?"

मला ते येत होतं. वर्षभरापूर्वीच मी घरच्या मशीनवर ते लपूनछपून शिकलो होतो.

"एवढंच होय?" त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. त्यांनी लाडवांची पिशवी काखेत धरली आणि डाव्या तळहातावर उजव्या बोटानं दाखवायला लागल्या. "वर फॉरमॅट असतंय बघा. त्यात खाली पेज स्टाईल. ती उघडली की पेज म्हणून एक खण येतो. त्यात उभं-आडवं दोन्ही असतंय. आडव्यावर टिचकी मारायची, मग ओके. कळलं? परत एकदा सांगतो. वर फॉरमॅट..."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पायरीवर चढलो. त्या खिडकीशी आल्या आणि गाडी हलेपर्यंत तळहातावर बोट फिरवत राहिल्या.

"न्हाय जमलं तर फोन करा, अण्णा," त्या ओरडल्या. "कधीपण करा!"

"करतो," मी म्हणालो.